वृद्धाश्रमातल्या काकांचं पेन्शन त्यांचा मुलगाच काढून घेतोय. पुतण्या म्हणून मला काही करता येईल का?

तुमच्या प्रश्नाखालची बाकीची उत्तरं वाचली. 'मुलाला समजावून सांगा', 'घरात बसून मिटवा', 'शेवटी पोटचा मुलगा आहे'. असले सल्ले देणारे कधी अशा बैठकीला बसले असतील असं वाटत नाही. मी बसलेय. तिथे ज्याचा आवाज चढा त्याचा हिशेब खरा ठरतो, आणि ज्याच्या पैशांवर चर्चा चालते तो म्हातारा जीव तिथे हजरच नसतो.

तुम्ही लिहिलंय की काका ८२ वर्षांचे आहेत, एटीएम कार्ड मुलाकडे आहे, आश्रमाची फी तीन महिने थकली आहे आणि गावातलं घर काकांच्या नावावर आहे. उत्तर आधीच देते: करता येईल, पण काकांच्या सहीने आणि काकांच्या नावाने. तुमच्या नावाने फारसं काही होत नाही. का, ते पुढे येईलच.

माझी आत्या सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत यजमान गेले, मूलबाळ नाही. पगारातून मिरजेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, हप्ते फेडले आणि वर भावांच्या मुलांच्या फियाही भरल्या. माझं कॉलेज तिच्या पैशांवर झालं. निवृत्तीनंतर बरीच वर्षं एकटी मजेत होती. मग बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आश्रमात जायचं तिनेच ठरवलं. "कुणाच्या हॉलमध्ये खाट टाकून पडायचं नाही मला," असं स्वच्छ सांगितलं. वृद्धाश्रम म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दवाखान्याची धावपळ दादाने केली. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. तो तिथलाच, मी पुण्यात. त्या धावपळीत आत्याचं एटीएम कार्ड आणि पिन त्याच्याकडे गेला. पेन्शन खात्याला मोबाइल नंबर त्याचा लागला. सह्या केलेल्या कोऱ्या विड्रॉल स्लिपा त्याच्या डायरीत जाऊन बसल्या. 'सोय असू दे' म्हणून मुदत ठेवींवरही त्याचं नाव चढलं, आयदर ऑर सर्व्हायव्हर. आत्या वॉकर घेऊन चालायला लागली तरी ही सोय काही संपली नाही.

मी एकदा भेटायला गेले तेव्हा तिने शेजारच्या खाटेवरच्या आजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात दोनशे रुपये मागितले. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणायच्या होत्या. दर महिन्याला पेन्शन जमा होणारी बाई! खाली ऑफिसात चौकशी केली तर फी थकलेली. व्यवस्थापक संकोचून म्हणाले, "तुमचे बंधू पुढच्या आठवड्यात देतो म्हणालेत." बंधूंकडे पासबुक मागितलं तर म्हणे बँकेतलं प्रिंटिंग मशीन बंद आहे. मी स्वतः बँकेत काउंटरला बसते. मला हे कारण सांगितलं! (आत्याचं खातं आमच्या बँकेत नाही. नातेवाईकांनी तोही आरोप करून झालाय.)

आता गंमत अशी की दादा दर रविवारी आश्रमात जायचा. हातात बाकरवडीचा पुडा, सगळ्या आज्यांना वाटायचा, कुणाचा चष्मा दुरुस्त करून आणायचा. तिथे त्याच्यासारखा लाडका माणूस दुसरा नव्हता. म्हणून माझं मत ऐका, कडू आहे: पैसे कोण खातंय ते शोधायचं असेल तर कधीच न येणाऱ्यांकडे बघू नका. न येणारा बेपर्वा असतो, पण त्याचा हात पैशापर्यंत पोचत नाही. काउंटरवर बसून मी हेच पाहत आलेय. आजोबांचा हात धरून, त्यांना खुर्चीत बसवून, पाणी देऊन, मग स्लिपवर सही घेणारेच असतात.

आत्याच्या सहीने स्टेटमेंटचा अर्ज दिला. पेन्शन जमा झालं की एक-दोन दिवसांत एटीएममधून खातं रिकामं. एका ठेवीची मुदत संपली होती आणि रक्कम सरळ दादाच्या खात्यात गेली होती. आयदर ऑर सर्व्हायव्हरचा अर्थ लोक 'माझ्यानंतर त्याला' असा लावतात. तसं नाही. मुदत संपल्यावर दोघांपैकी कुणीही एकटा पैसे उचलू शकतो, आणि बँक त्याला अडवू शकत नाही. 'माझ्यानंतर'च द्यायचं असेल तर फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर लिहायचं असतं.

हे सगळं मी घरात काढलं ते नेमकं एका मुंजीत. तिथे सगळे एकत्र होते म्हणून. धाकटे काका भर पंगतीत म्हणाले, "सासरी गेलेल्या लेकीने माहेरच्या व्यवहारात तोंड घालू नये. तो दर रविवारी जातो, तू पुण्यात बसून हिशेब मागतेस. का फ्लॅटवर डोळा आहे?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आता देते. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १५. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याच्या वारसांना जाते. माहेरी फक्त तेवढंच परत येतं जे तिला आईवडिलांकडून वारशाने मिळालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात हेच केलं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेली बाई, माहेरच्यांनी शिकवली, नोकरी केली, आणि तिची कमाई मात्र गेली सासरकडे. कायदा मला अजिबात पटत नाही, पण आहे तो असा आहे. तेव्हा धाकटे काका, तो फ्लॅट आपोआप माझ्याकडे येत नव्हता, आणि दादाकडेही नाही. आत्याच्या दिरांच्या मुलांकडे जाणार होता. दादाला तो हवा असेल तर आत्या हयात असताना तिची सही मिळवणं हा एकच रस्ता. तुम्हाला हे माहीत नव्हतं. त्याला होतं.

कारण त्यानंतर एका रविवारी बाकरवडीबरोबर एक ओळखीचा माणूस आणि कुलमुखत्यारपत्राचा मसुदा आला. त्यात फ्लॅट विकण्याचे अधिकारसुद्धा होते. आत्या म्हणाली, "ठेवून जा, वाचते." आणि गादीखाली ठेवला. शिक्षिका होती, न वाचता कशावर शेरा मारायची सवय नव्हती.

मी तो मसुदा पाहिल्यावर म्हटलं, आता प्रांत ऑफिस. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करू. तर ती म्हणाली, "मला सगळं माहीत आहे गं. किती काढतो तेही माहीत आहे. तुझं स्टेटमेंट आज आलं, मी पैन्-पैचा हिशेब मनात ठेवलाय. पण रविवारी तो येतो. तू दिवाळीला येतेस."

यावर काय बोलणार? मी बोललेच तरी. म्हटलं, "भेटायला यायचे पैसे द्यायचे असतील तर दे, पण बॅटऱ्यांना पैसे नाहीत हे तू ठरवलेलं नाहीस." हे मात्र तिला लागलं. थोडा वेळ गप्प बसली, मग वही मागितली.

तक्रार करायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. बँकेचं करायला झाली. ७० वर्षांवरच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून बँकांना सांगून ठेवलंय. शाखेने आधी नेहमीची टाळाटाळ केली, पण लेखी अर्ज दिल्यावर माणूस आश्रमात आला. खात्याचा मोबाइल नंबर बदलला, आत्याला साधा बटणांचा फोन घेऊन दिला. जुनं कार्ड बंद, नवीन घेतलंच नाही. जुन्या विड्रॉल स्लिपा वापरू देऊ नयेत असं तिने लिहून दिलं. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन: पेन्शन जमा झालं की आश्रमाची फी परस्पर आश्रमाच्या खात्यात. मधे ना दादा, ना मी. मी माझं नाव कशावरही घालू दिलं नाही. तुम्हीही घालू नका. उद्या तुमच्याकडेच बोट दाखवतील.

वर आत्याने दादाला महिन्याला एक ठरावीक रक्कम चेकने द्यायचं ठरवलं, पेट्रोल आणि बाकरवडीसाठी. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण पैसे तिचे आहेत. दादा दोन-तीन रविवार फिरकला नाही. मग यायला लागला. आता चेक मिळतो तर कुरकुर कमी आहे.

बरं, तुमचं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७. अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे. अर्ज काकांनी करायचा. ते असमर्थ असतील तर त्यांनी अधिकार दिलेली कुणीही व्यक्ती किंवा संस्था करू शकते, म्हणून काकांकडून तुमच्या नावे सहीचं अधिकारपत्र घ्या. मुलाने महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च द्यावा असा आदेश निघू शकतो. मात्र आधी उचललेलं पेन्शन परत मिळवायला हा कायदा फारसा उपयोगी नाही. त्यासाठी पोलिसांत विश्वासघाताची तक्रार (भारतीय न्याय संहिता, कलम ३१६) देता येते, आणि पोलीस 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील याची तयारी ठेवा. मला तर वाटतं गेलेल्या पैशांमागे धावण्यापेक्षा पुढच्या पेन्शनची वाट आधी बंद करावी. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

पेन्शनपेक्षा मला तुमच्या काकांच्या घराची जास्त काळजी वाटते. महाराष्ट्रात मुलाच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क २०० रुपये (अधिभार लागला तर वेगळा), आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधक गृहभेटीला येतात. म्हणजे आश्रमातल्या खाटेवर घर जाऊ शकतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढून आजच बघा काही नोंदलंय का. नोंदलं असेल तर वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मिळतो. अट दस्तात नसेल तर अडचण होते, डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलंय. पण जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सढळ हाताने लावा म्हटलं आणि आईला घराचा ताबा परत दिला. आणि आश्रमाच्या व्यवस्थापकांना लेखी कळवा की काकांची सही किंवा अंगठा घ्यायला कुणी आलं तर कशावर घेतायत हे काकांना कळल्याशिवाय होऊ देऊ नका. बँकेत अंगठ्यावर पैसे काढायचे तर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हा नियम शाखेत बोलून दाखवा, फरक पडतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी वकील नाही. वर लिहिलेलं सगळं आत्याचं डोकं शाबूत होतं म्हणून जमलं. काकांना विस्मरणाचा आजार असेल तर त्यांची सही, अधिकारपत्र, मुखत्यारपत्र काहीच टिकणार नाही. तेव्हा आधी डॉक्टरांचा लेखी अभिप्राय, आणि मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला बहुधा उच्च न्यायालयात जावं लागेल. ते काम वकिलाशिवाय होत नाही. आणि तुमचा चुलतभाऊ खरंच औषधपाण्यावर खर्च करत असण्याचीही शक्यता आहे. एकदा बिलं मागून बघा. माझ्या दादाने दाखवली नाहीत, पण तुमचा दाखवेलही.

तुमच्या प्रश्नात मुलाने काय केलं, आश्रम काय म्हणतो, तुम्हाला काय वाटतं हे सगळं आहे. काकांना यातलं किती माहीत आहे आणि त्यांना काय हवंय, हे कुठेच नाही. मुलगा नसेल त्या दिवशी जाऊन त्यांनाच विचारा आणि इथे कमेंटमध्ये लिहा. अर्जाचा मजकूर मी करून देते.