प्रश्न तुमचे: चर्चच्या गटाबरोबर ग्वाटेमालाला निघालेय, माझा उपयोग होईल?

प्रश्न: ताई, सप्रेम जय ख्रिस्त. मी मूळची नगरची, सध्या ह्यूस्टनला असते. आमच्या चर्चचा गट दर उन्हाळ्यात आठवडाभर ग्वाटेमालाला जाऊन तिथल्या दवाखान्यात कृत्रिम पाय बसवून देतो. यंदा मीही नाव दिलंय. पण मी अकाउंटंट, डॉक्टरकीतलं ओ की ठो कळत नाही. तिथे नुसती लुडबुड तर होणार नाही ना? शिवाय पाय बसवण्याआधी प्रत्येक पेशंटबरोबर प्रार्थना करायची असं ठरलंय, ते मला खटकतं.
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: जय ख्रिस्त. उपयोग होईल, पण मागच्या खोलीत. पाय बसवताना शेजारी उभं राहायला सगळेच तयार असतात. माणसं कमी पडतात ती दान आलेल्या जुन्या पायांच्या ढिगापाशी. स्टंप, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्यात बसतो ते सॉकेट एकाचं दुसऱ्याला चालत नाही, ते काढून टाकायचं. नळी, गुडघ्याचा सांधा, पाऊल मात्र वापरता येतं. अ‍ॅलन कीने (षटकोनी किल्लीने) ते सुटे करायचे, डावं-उजवं वेगळं ठेवायचं, मापं वहीत चढवायची. अकाउंटंटबाई, हे तुमच्याइतकं नीट कोण करणार? मी अशाच एका गटाबरोबर तिकडे गेले होते. 22 सेंटिमीटरचं एक डावं पाऊल शोधण्यात अख्खी सकाळ गेली आणि 27-28ची रास पुढ्यात पडलेली. तिकडच्या बायका ठेंगण्या असतात, हे दान करणाऱ्याला कुठून कळणार!

दुसरं काम बाईमाणसाचंच. नव्या सॉकेटसाठी स्टंपचा प्लास्टरचा साचा गुडघ्याच्या वरपर्यंत घ्यावा लागतो. तिथल्या मूळ रहिवासी माया समाजाच्या बायका कोर्ते, म्हणजे कमरेभोवती गुंडाळलेला घागरा, नेसतात आणि साचा घेणारा बहुधा पुरुष असतो. चादर धरून तिच्याजवळ थांबा. वयस्कर बायकांना पुष्कळदा स्पॅनिशही धड येत नाही, किचेसारखी आपली भाषाच येते. तेव्हा घाई नको.

अशी एक बाई मला आठवते. मधुमेहाने गुडघ्याखाली पाय गेलेला. नवा पाय घालून दोन गजांमधून छान चालली, गटाने टाळ्या वाजवल्या. ती गप्पच. दुभाष्याने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मागावर कशी बसू? त्यांच्या मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं विणणारीच्या कमरेला बांधलेलं असतं, आणि ती गुडघे टेकून टाचांवर बसते. सॉकेटची मागची कड तिच्या गुडघ्यामागे रुतत होती. तिथल्या तंत्रज्ञाने हीट गनने ती मऊ केली, बाहेर वळवली, थोडी घासून उतरवली. मग ती बसली, बुडाखाली चादरीची घडी घेऊन. आपल्याकडे हाच पेच मांडी घालण्याचा आणि उकिडवं बसण्याचा. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठींनी जयपूर फूट घडवला तो हे ओळखूनच.

त्या तंत्रज्ञाचीच चौकशी तुम्ही आधी करायला हवी. स्टंप पहिल्या काही महिन्यांत आक्रसतो. सॉकेट सैल पडतं, आत मोज्यांचे थर वाढवावे लागतात, पुढे सॉकेटच नवं लागतं. मधुमेह्याला घासलेलं जाणवत नाही, जखम चिघळते. वाढत्या मुलाला तर साधारण दरवर्षी पाय बदलावा लागतो. तोवर तुमचा गट ह्यूस्टनला! म्हणून गटप्रमुखांना विचारा, आपल्यामागे हे कोण बघतं आणि त्याला पगार कोण देतं? उत्तर गुळमुळीत आलं तर तिकिटाचे पैसे तिकडच्या एखाद्या बारमाही चालणाऱ्या केंद्राला पाठवा. मी मिरजेची आहे, मिशनच्या कामाचं मोल मला कुणी सांगायला नको. पण मिशनरी वानलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत हॉस्पिटल उघडलं ते आठवडाभरासाठी नव्हे, 1928पर्यंत ते इथे होते.

प्रार्थनेबद्दल तुमचं खटकणं रास्त आहे. ज्याला पाय हवाय तो नको कसं म्हणेल? शिवाय ग्वाटेमालात बहुतेक लोक ख्रिस्तीच, कॅथलिक नाहीतर इव्हँजेलिकल. त्यांना येशू नव्याने सांगायला निघालेली मंडळी बघून मला हसू येतं. सकाळी गटाने आपसात प्रार्थना करावी. पेशंटने आपणहून म्हटलं तर जरूर हात धरा. पुष्कळदा तीच माणसं तुमच्यासाठी प्रार्थना करतील.

बॅगेत जागा उरली तर बूट न्या, लहान मापाचे, सपाट टाचेचे, दोन्ही पायांचे. उंच टाच आली की पायाचा कोन बिघडतो, गुडघा पुढे ढकलला जातो आणि सगळी जुळणी पुन्हा करावी लागते.