महागड्या ब्रँडची वस्तू खरंच चांगली असते का, की आपण नुसते नावाचे पैसे देतो?

चांगली असते, पण किंमत दहापट म्हणून वस्तू दहापट चांगली असं कधीच नसतं. बॅगा-परफ्यूममधलं मला फारसं कळत नाही, आमचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे गॉगलवरूनच सांगतो.

प्राडा, शनेल, बर्बेरी, वर्साचे ही मंडळी गॉगल स्वतः बनवत नाहीत. त्यांच्या लायसन्सवर इटलीची लक्झॉटिका ही कंपनी बनवते (२०१८ पासून ती फ्रान्सच्या एसिलॉर या काचा बनवणाऱ्या कंपनीबरोबर एक झालीय), आणि रेबॅन, ओकली तर तिच्या मालकीचेच. गिऱ्हाईक दोन ब्रँड हातात धरून अर्धा अर्धा तास घोळ घालतं की यातला भारी कुठला, आणि माल निघतो एकाच घरचा!

रेबॅनचंच बघा ना. नव्वदच्या दशकात हा गॉगल अमेरिकेत पेट्रोल पंपावर स्वस्तात मिळायचा, १९९९ मध्ये लक्झॉटिकाने तो ब्रँड विकत घेतला, हजारो दुकानांतून माल काढून घेतला आणि मग किंमत चढवत नेली. क्वालिटी पण सुधारली हे मान्य करायला पाहिजे, पण आज जी किंमत आहे त्यात नावाचा वाटा मोठा आहे.

जास्तीचे पैसे खरंच दिसतात ते फ्रेममध्ये. चांगली फ्रेम अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या शीटमधून कापून, घासून पॉलिश केलेली असते, स्वस्तातली साच्यात प्लास्टिक ओतून काढलेली. अ‍ॅसिटेट गरम करून काडी कानामागे नीट बसवून देता येते, सैल झाली की परत आणा, परत बसवून देऊ. साच्यातली वाकवायला गेलं की बऱ्याचदा तुकडाच हातात येतो. बिजागरी पण बघा, काडी उघडताना थोडी घट्ट लागली पाहिजे, लडबडत असेल तर ठेवून द्या. पण गंमत अशी की अशी फ्रेम बिननावाची, दोन-तीन हजारातही मिळते.

आणि काच? यूव्ही, म्हणजे उन्हातले डोळ्यांना घातक अतिनील किरण, अडवणं हे काही महागडं तंत्र नाही, पॉलीकार्बोनेट (काचेऐवजी वापरतात ते मजबूत प्लास्टिक) तर मुळातच यूव्ही अडवतं. त्यामुळे साध्या गॉगलची काच पण यूव्ही ४००, म्हणजे जवळपास सगळं यूव्ही अडवणारी, असू शकते. फक्त काळ्या रंगावर जाऊ नका, काच गडद असली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि यूव्ही अडत नसेल तर ते उलट जास्त आत जातं. अजून एक, गॉगल हातभर लांब धरून काचेतून खिडकीचा गज बघा आणि गॉगल हळूहळू हलवा. गज वाकडातिकडा झाला की काच भिकार, मग वर नाव कुणाचंही असो.

बॅगांबद्दल एवढंच वाचलंय की २०२४ मध्ये मिलानच्या कोर्टात डिओर या फ्रेंच ब्रँडचं प्रकरण गेलं तेव्हा २६०० युरोची बॅग शिवून जोडायला ठेकेदाराला ५३ युरो दिल्याचं बाहेर आलं, लेदर वगैरेचा खर्च वेगळा धरून. म्हणजे आमच्या धंद्यापेक्षा तिकडे मजा जास्तच आहे 😄

तरी कुणाला प्राडाच पाहिजे असेल तर खुशाल घ्या, हौसेला मोल नाही, आम्हालाही मार्जिन मिळतंच. डोळ्यांसाठी घेत असाल तर मात्र कुठलाही गॉगल घेऊन जवळच्या चष्म्याच्या दुकानात जा, काच यूव्ही अडवते का ते दाखवणारा यूव्ही मीटर असतो, मिनिटभराचं काम आहे, आमच्याकडे तरी याचे पैसे घेत नाही.