कोंबडी लंगडतेय, तळव्याला काळी खपली आहे, पाण्यात अँटिबायोटिक घालू का?

नका घालू, निदान आत्ताच नको. तुम्ही लिहिलंय की हडपसरला टेरेसवर चार-पाच गावरान कोंबड्या आहेत, त्यातली एक लंगडतेय, तळव्याच्या मधोमध काळी खपली आहे, हळद-तेल लावून झालं आणि आता दुकानदाराने टेट्रासायक्लिनची पुडी हातात दिलीये. ती पुडी राहू द्या बाजूला, कारण पाण्यात घातलं की धडधाकट कोंबड्याही तेच पिणार, अंड्यात औषधाचा अंश उतरणार आणि जिथे पोचायला हवं तिथे म्हणजे तळव्याच्या आतल्या घट्ट झालेल्या पुवापर्यंत ते धड पोचतच नाही.

हा बहुतेक बंबलफूट आहे. तळव्याला बारीक चीर पडते, त्यातून स्टॅफिलोकोकससारखे जंतू आत जातात, वर खपली धरते आणि आत पू साठतो. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा होतो, म्हणून दाबून काही निघत नाही, उगाच दाबत बसू नका.

संध्याकाळी अंधारून आलं की कोंबडी शांत असते, तेव्हा धरा. टॉवेलात गुंडाळा, डोळ्यांवर टॉवेलचं टोक येऊ द्या, पण छाती आवळू नका, छातीचं हाड वरखाली झालं तरच तिला श्वास घेता येतो. हातात ग्लोव्हज घाला, हे जंतू आपल्या जखमेतही जातात. टबात कोमट पाणी, थोडं एप्सम सॉल्ट (केमिस्टकडे मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट), त्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. खपली मऊ होऊन आपोआप सुटली तर ठीक, नाही सुटली तर ओढू नका. पाय कोरडा करा, बेटाडीन लावा, वर गॉज आणि चिकटपट्टी, पट्टी बोटांच्या मधून फिरवून घ्या पण आवळून नको. रोज बदला. युट्यूबवर लोक घरीच ब्लेडने गाठ काढताना दिसतात, माझं स्पष्ट मत आहे की ते करू नये, तळव्यात टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि रक्तवाहिन्या असतात आणि भूल दिल्याशिवाय कापणं हा निव्वळ छळ आहे. तळवा गरम लागतोय, सूज बोटांत किंवा वर घोट्याकडे चढलीये किंवा ती पाय टेकतच नाहीये, तर सरळ डॉक्टरकडे न्या. अँटिबायोटिक लागलंच तर कोणतं, किती आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते तेच सांगतील.

आता खरं म्हणजे टेरेसकडे बघा, कारण तेच बदललं नाही तर हा पाय बरा होईल आणि दुसरा धरेल. कोबा खरखरीत असतो, त्यावर दिवसभर पाय घासतात. खुराड्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चांगला जाड पसरा, पावसाळ्यात ओला झाला की लगेच काढा. रात्री बसायचा दांडा किती उंच आहे? दीड-दोन फुटांच्या वर नको, उंचावरून कोब्यावर धप्पकन उडी मारली की सगळा भार तळव्यावर येतो. दांडा साधारण दोन इंच जाड, लाकडाचा, कडा घासलेल्या, पीव्हीसी पाइप नको, त्यावर पकड बसत नाही. आणि शिळी पोळी, भात कमी करा, जाड कोंबडीला हे लवकर होतं.

एवढं करताना एकदा बोटांच्या बेचक्यात टॉर्च मारून बघा. टेरेसवर मांजाचे तुकडे आणि केसांची गुंतवळ पडलेली असते, ती बोटाला करकचून बसते, वरून नुसती बारीक रेघ दिसते आणि पुढचं बोट काळं पडत जातं. बोटाला धक्का न लावता तो मांजा किंवा केस बारीक कात्रीने कापून काढायचा.

खाली कुणीतरी पायाचे खवले उभे राहिल्याचं विचारलंय, ते वेगळं, खवल्यांखाली माइट म्हणजे अगदी बारीक किडे शिरलेले असतात. कोमट पाण्याने भिजवून जुन्या टूथब्रशने हलकं घासा, मग व्हॅसलिन जाडसर चोपडा, काही आठवडे चालू ठेवा आणि सगळ्याच कोंबड्यांना करा. रॉकेल लावायचा जुना उपाय अजिबात नको, कातडी भाजते.

पायाला काहीच जखम नाही आणि तरी तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, एक पाय पुढे एक मागे टाकून पडली असेल तर मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची शंका येते, त्याला इलाज नाही, लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच देतात, म्हणून पिल्लं घेताना लस झालीये का विचारत जा. लहान पिल्लांची बोटं आत मुडपली तर बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं, तिथे बी-कॉम्प्लेक्स लवकर दिलं तर फरक पडतो.

पुण्यात बरेच क्लिनिकवाले कुत्री-मांजरीच बघतात, आधी फोन करून कोंबडी बघता का विचारा, नाहीतर जनावरांचा सरकारी दवाखाना किंवा १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. आणि तळव्याचा एक फोटो टाका इथे, पाय धुऊन, दिवसाच्या उजेडात, दुसरा पायही शेजारी दिसू दे म्हणजे सूज किती आहे ते कळेल.