गॅलेक्सियाला शेजार नको

प्रश्न : आमचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोरलांची (प्रवाळांची) काचपेटी, ७५ गॅलनचा आहे. दिवाळीच्या सुमारास दुकानदाराने ‘हे अगदी शांत कोरल आहे’ म्हणून एक हिरवं कोरल गळ्यात मारलं. नावाची चिठ्ठी नव्हती. ते आमच्या हॅमर कोरलपासून चार इंचांवर ठेवलं. महिनाभर सगळं छान होतं, पण आता हॅमरची त्या बाजूची दोन तोंडं सोलल्यासारखी पांढरी पडली आहेत. पाण्याच्या चाचण्या ठीक आहेत. दिवसा दोघं एकमेकांना शिवतही नाहीत, मग हे करतंय कोण? टँकमध्ये टॉर्च, टोडस्टूल लेदर आणि झोअँथिड्स ही कोरलंही आहेत. कोणाला कुठे ठेवू? शिवाय पुण्यात भावाकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे. जूनमध्ये जाताना त्याला एखादा फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा) नेला तर चालेल का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : फोटो पाहिला. तुमचं ‘शांत’ कोरल म्हणजे गॅलेक्सिया. प्रत्येक पॉलिपची (वसाहतीतल्या एकेका जीवाची) स्वतंत्र कडक नळी, नळीच्या तोंडाशी सांगाड्याची उभी धारदार पाती आणि आखूड स्पर्शिकांची पांढरी टोकं, एवढं दिसलं की दुसरं काही शोधायला नको. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने ते दिवसाउजेडी पाहिलं असेल, आणि दिवसा ते खरंच कोणाच्या अध्यात ना मध्यात.

दिवे बंद झाल्यावर दोनेक तासांनी लाल उजेडाची बॅटरी घेऊन काचेला नाक लावून बसा. पांढरा उजेड मारलात तर सगळं आत ओढून घेईल. पंप चालू राहू द्या. गॅलेक्सियाच्या हॅमरकडच्या कडेतून केसाएवढे बारीक, जवळजवळ पारदर्शक दोरे निघालेले दिसतील, टोकाला पांढरा ठिपका. पाण्याच्या ओढीबरोबर ते लांबतात, हॅमरला टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात. हे स्वीपर. त्या ठिपक्यात दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. मोठ्या वसाहतीचे स्वीपर फूटभरही जातात, तेव्हा तुमचे चार इंच म्हणजे काहीच नाही. ते पहिल्या दिवसापासून नसतात. शेजारी आहे हे कळल्यावर काही आठवड्यांत वाढवले जातात, म्हणून तुमचा पहिला महिना सुखात गेला.

दुसरं हत्यार याहून भयंकर. काही कोरलं पोटातले पाचक तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला जागेवरच पचवतात. ज्युडिथ लँग यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकातल्या कोरलांवर हे दाखवून दिलं, आणि कोण कोणाला हरवतं याची एक उतरंडच असते हेही. हायड्नोफोरा नावाचं कोरल याच कारणाने मी मिश्र टँकमध्ये ठेवत नाही. दिसतं गोड, पण लागलं की शेजाऱ्याचं मांस उतरतं.

आता मांडणी. लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्याला आपण सरकून जागा देतो, गॅलेक्सिया कोणालाही देत नाही. त्याला एकटा दगड द्या, चहूबाजूंनी किमान फूटभर मोकळा, आणि पंपाच्या धारेत सगळ्यात शेवटी, म्हणजे दोरे काचेकडे वाहत जातील. पण तुमचा वेव्हमेकर (लाटा उठवणारा पंप) आलटून पालटून दोन्ही दिशांना पाणी मारत असेल, तर ‘शेवटी’ असं काही उरतच नाही. मग अंतर हाच एक उपाय. जागा मिळत नसेल तर दुकानात परत द्या. ७५ गॅलनमध्ये गॅलेक्सियाचा हट्ट मी धरला नसता.

टॉर्चही तसाच, त्याला सहा-आठ इंच तरी सोडा. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही कोरलं बहुधा एकमेकांना सांभाळून घेतात, टॉर्च मात्र दोघांनाही भाजतो. खूण सोपी आहे : टॉर्चची लांब स्पर्शिका एकाच गोल टोकात संपते, हॅमरचं टोक हातोडीसारखं आडवं, फ्रॉगस्पॉनच्या एकाच स्पर्शिकेला बरीच बोंडं. टोडस्टूलला दंशाचा जोर नाही, तो पाण्यात शेजाऱ्यांना जाचणारी टर्पीनसारखी रसायनं सोडतो. ती शोषायला फिल्टरमध्ये कार्बन ठेवा आणि वेळेवर बदला. नवा तुकडा पहिल्या दिवशीच गोंदाने चिकटवू नका. काही आठवडे सुटा ठेवून रात्रीची फेरी मारा, मग चिकटवा. आणि आजचं अंतर मोजताना दोघंही वाढणार आहेत हे धरा.

हॅमरला त्याच्या जागेवरच राहू द्या, हलवायचं ते गॅलेक्सियाला. सोललेल्या भागावर तपकिरी, घाणेरड्या वासाचा बुळबुळीत थर आला तर तो नळीने ओढून काढा, हॅमर वेगळ्या भांड्यात घेऊन आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा. ती लागण टॉर्चवरही जाते.

झोअँथिड्सना बाकीच्यांपासून जपायचं, आणि तुम्ही त्यांच्यापासून. त्यांच्याच गोतातल्या पॅलिथोआमधून १९७१ साली हवाईत पॅलिटॉक्सिन वेगळं काढलं गेलं. ते अत्यंत जहाल विष आहे. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापू नका, आणि त्यांचा दगड साफ करायला कधीही उकळू नका. वाफेतून घरातल्या सगळ्यांना विषबाधा होऊ शकते.

भावाला फ्रॅग अजिबात नेऊ नका. भारतात सगळी दगडी कोरलं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. अमेरिकेत दुकानातून पावती घेऊन आणलंय, हे तिथे ऐकून घेतलं जाणार नाही. शोकेससाठी मेलेला तुकडाही नको. भावाला जिवंत कोरल पाहायची हौस असेल तर मालवणला जा. १९८७पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. फक्त जूनचा बेत बदला. तेव्हा तिथे पावसाळा, समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. डिसेंबरची तिकिटं काढा.