न्यू-मेटल ऐकायला घेतोयस? मग थोडं मागे जा

न्यू-मेटल म्हणजे हेवी मेटलमध्ये हिप-हॉप वगैरे मिसळलेलं संगीत. लिंकिन पार्कच्या 'हायब्रिड थिअरी'पासून सुरुवात केलीस ते उत्तम. २००० सालच्या त्या अल्बमने आमच्यातल्या कित्येकांना या गाण्यांची चटक लावली. पण तिथेच मुक्काम ठोकू नकोस. १९९४ चा, कॉर्न या बँडचा पहिला अल्बम काढ. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डची ही पोरं. सात तारांच्या गिटारी, त्याही एक अख्खा सूर खाली उतरवलेल्या, सगळ्यात जाड तार थेट 'ए' सुरावर! त्यांच्यातल्या फील्डीचा बेस (खालच्या सुरांची गिटार) तर घुमण्यापेक्षा टकटकतोच जास्त. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काही कळणार नाही, हेडफोन लाव. त्यातल्या 'ब्लाइंड' गाण्याची सुरुवात ऐक: आधी नुसती झांज, मग एकामागून एक गिटारी, आणि ताण असह्य झाल्यावर गायक जोनाथन डेव्हिसची आरोळी. गिटारचे सोलो (एकट्या गिटारचे लांब तुकडे) शोधू नकोस, ते इथे फारसे नसतातच.

पुढे डेफ्टोन्सचा 'व्हाइट पोनी', सिस्टम ऑफ अ डाउनचा 'टॉक्सिसिटी'. लिंप बिझकिटची दोन-चार गाणी पुरे (यावर शिव्या पडणार, पडू देत).

आम्ही जुनी मंडळी 'तो काळच वेगळा' म्हणून गळे काढणारच. त्यात गाणं किती आणि सोळाव्या वर्षीचा राग किती, हे आम्हालाही धड सांगता येत नाही. तेव्हा आमच्या याद्या प्रमाण मानू नकोस. आणि दिवंगत गायक चेस्टर बेनिंग्टननंतरचं, एमिली आर्मस्ट्राँग गाते ते लिंकिन पार्क खरं की खोटं, या वादात तर पडूच नकोस. त्यांचा २०२४ चा अल्बम 'फ्रॉम झिरो' आधी स्वतः ऐक.