सुरुवात केळ्यापासून कर

भाऊ, गोष्ट वाचत वाचत खेळायच्या या जपानी गेम-मालिकेची सुरुवात 2009च्या 'स्टाइन्स गेट'नेच कर. 2008चा 'केऑस हेड' मालिकेत त्याच्या आधीचा, पण त्यातला रक्तपात बघून पळशील. 'स्टाइन्स गेट'चे पहिले काही तास नुसत्या गप्पा: टोकियोच्या अकिहाबारा भागातली पोरं, मायक्रोवेव्हला जोडलेला फोन, अन् हिरवी जेली झालेलं केळं. (आपल्या जळगावात केळीचा असा अपमान कोण सहन करेल?) पण तेच केळं पुढे अंगावर काटा आणतं, म्हणून धीर धर. खेळताना फोनवर आलेल्या मेलमधल्या अधोरेखित शब्दावर टिचकी मारून उत्तर द्यायचं. कथेला फाटे फोनवरच फुटतात, आणि खरा शेवट गाइडशिवाय सापडणं अवघड. हा दोषच. मुलींवरचे आचरट विनोदही खटकतात. मालिकेतला 2012चा 'रोबोटिक्स नोट्स' मला फारच रेंगाळलेला वाटला. 2015चा 'स्टाइन्स गेट झिरो' मात्र 'स्टाइन्स गेट' पुरा केल्याशिवाय उघडू नको, सगळी गंमत जाईल.