भुलीतून जागे होताना मूल बेभान का होते, आणि ते आधी ओळखता येते का?

आपण लिहिले आहे की टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर आपली चार वर्षांची मुलगी जागी होताना बराच वेळ किंचाळत राहिली, हातपाय झाडत होती आणि आईलाही ओळखत नव्हती. आता तिची तिरळेपणाची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि हे पुन्हा होईल का, याची आपल्याला काळजी वाटते. मी भूलतज्ज्ञ आहे. एका विशिष्ट मुलाबाबत असे होईलच किंवा होणारच नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. धोका अधिक आहे की कमी, हे मात्र आधी बऱ्यापैकी ठरवता येते, आणि त्यानुसार भूल देण्याचा बेत बदलता येतो.

१९६१ साली एकेनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४,००० हून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हाच मुलांमध्ये आणि टॉन्सिलसारख्या शस्त्रक्रियांनंतर असे बेभान होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे दिसले होते. दोन ते पाच वर्षांचे वय, कान-नाक-घसा किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया, भूल देण्यापूर्वी मुलाला वाटणारी तीव्र भीती आणि सेव्होफ्लुरेन किंवा डेसफ्लुरेन यांसारखे झपाट्याने उतरणारे भुलीचे वायू ही धोका वाढवणारी मुख्य कारणे मानली जातात. आपल्या मुलीच्या बाबतीत यांपैकी वय आणि शस्त्रक्रियेचा प्रकार या दोन गोष्टी आहेतच.

पालकांना वाटते की हे सारे वेदनेमुळे होते. वेदनेने ते वाढते यात शंका नाही, पण एमआरआयसाठी, म्हणजे कोणतीही जखम न करता, केवळ सेव्होफ्लुरेनची भूल दिलेल्या मुलांमध्येही हीच अवस्था दिसलेली आहे. मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. शरीर हालचाल करू लागते, आवाज फुटतो, पण भोवतालचे भान अजून आलेले नसते, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. नेमकी यंत्रणा अद्याप पूर्ण उलगडलेली नाही.

वेदना आणि बेभानपणा यांतला फरक ओळखणे हे रिकव्हरी रूममधले सर्वांत नाजूक काम आहे, असे मला वाटते. २००४ साली सिकिच आणि लर्मन यांनी त्यासाठी ‘पेड’ ही मोजपट्टी मांडली. तीत मूल नजरेला नजर देते का, त्याच्या हालचालींना हेतू आहे का, त्याला भोवतालचे भान आहे का, ते किती अस्वस्थ आहे आणि समजावल्याने शांत होते का, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी विशेष बोलक्या आहेत, कारण दुखणारे मूल रडत असले तरी बहुधा आईकडे पाहते, तिला बिलगते. बेभान मूल तिच्या आरपार पाहते. मात्र ही मोजपट्टी चाललेली अवस्था मोजते, भाकीत करत नाही. शिवाय तिच्याकडे वळण्याआधी प्राणवायू कमी पडलेला नाही, श्वासमार्ग मोकळा आहे, रक्तातील साखर उतरलेली नाही, मूत्राशय तुंबलेले नाही आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल पूर्ण उतरला आहे, याची खात्री करायलाच हवी. प्राणवायूच्या कमतरतेने तडफडणाऱ्या रुग्णाला ‘भुलीचा परिणाम’ समजून झोपेचे औषध देणे जीवघेणे ठरू शकते.

प्रौढांमध्येही हे घडते; तिथे घशातली नळी, नाकात भरलेले पॅक आणि विशेषतः पुरुषांमध्ये लघवीची नळी ही नेहमीची कारणे असतात.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत मागचा प्रसंग भूलतज्ज्ञांना सविस्तर सांगा: तो किती वेळ चालला, कशाने शमला, भूल देण्यापूर्वी मुलगी किती घाबरली होती. संपूर्ण भूल वायूऐवजी शिरेतून प्रोपोफोल या भुलीच्या औषधाने देणे, शस्त्रक्रियेच्या शेवटी प्रोपोफोलचा छोटा डोस देणे, डेक्समेडिटोमिडीन हे शांत करणारे औषध वापरणे आणि वेदनाशामक वेळेवर देणे, या उपायांनी धोका कमी होतो. ही अवस्था येऊ शकते हे पालकांना आधी सांगितले जावे, असा माझा आग्रह आहे, कारण काही न सांगता त्यांना तो प्रसंग पाहायला लावणे अन्यायाचे आहे.

पुन्हा तसे झाले तर तिला रागावू नका, हलवून जागे करू नका. तिला इजा होणार नाही आणि सलाईन निघणार नाही एवढे परिचारिकांच्या मदतीने पाहा आणि जवळ राहून हळू आवाजात बोलत राहा. बहुतेक मुले अर्ध्या तासाच्या आत शांत होतात आणि त्यांना यातले सहसा काही आठवत नाही. त्याहून जास्त वेळ लागला, किंवा श्वास जड वाटला वा ओठ निळसर दिसले, तर भूलतज्ज्ञांना ताबडतोब बोलावून घ्या.